कुंकू न पुसता

शाळेच्या स्नेहसंमेलनात निकिताने सातवीपासून दहावीपर्यंत चार नाटकं केली आणि चारही वेळा म्हातारीच झाली. गुरुजींचं एकच सांगणं, "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे." निकिताचं पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जायचं. पुढे ती नगरला सिनेमाचं तंत्र शिकायला गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी सर कान चोळत म्हणाले, "हळू बोल बाई. इथं माईक तोंडापाशी असतो."

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने पाच मिनिटांचा सिनेमा करून द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष वाया. निकिताने गोष्ट लिहिली, नवऱ्याचं तेरावं उरकल्यावर एकटीच जेवायला बसणाऱ्या बाईची. कॉलेजचा कॅमेरा रविवारी संध्याकाळी परत करायचा होता. तो घेऊन ती नेवाशाजवळच्या आपल्या गावी आली, कारण बाईचं काम आई करणार होती. सत्यशीलाबाईंनी गोष्ट न विचारताच फोनवर होकार दिला होता.

रविवारी त्या नटून आल्या. नवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"अगं आई, बाई विधवा आहे. कुंकू काढ ना जरा."

सत्यशीलाबाईंनी गोठ्याकडे बोट केलं. "ते बघ तुजे दादा. म्हशीला पेंड घालत्यात. चांगले धडधाकट हायेत."

"खोटं खोटं असतं गं."

"देव काय इचारत बसतो व्हय, खरं का खोटं? त्याला कपाळ दिसतं."

निकिताचे वडील काकासाहेब घमेलं ठेवून आले. "काढ की. मला काय हुतंय? भिंतीला माजा हार घातलेला फोटू बी लावा. तेवढाच मी पिच्चरमधी येईन."

"तुमी गप बसा. निघाले मराया हौसेनं."

यात दुपार कलली. पाचला नगरची एसटी. निकिताने शेवटी कॅमेरा आईच्या पाठीमागे, दाराशी मांडला.

"कुंकू राहू दे. बांगड्या पदराखाली घे. सवयीनं दोन ताटं वाढायची, मग एक उचलून ठेवायचं. आणि काही झालं तरी मागं वळायचं नाही."

सत्यशीलाबाईंनी ताटं मांडली. खरी भाकरी, खरं पिठलं. थोडं थांबून एक ताट उचललं. काकासाहेब कॅमेऱ्यामागे उभे होते. या गडबडीत सकाळपासून त्यांना कुणी जेवायला वाढलं नव्हतं.

"माजं ताट का उचललं गं?"

सत्यशीलाबाईंचा हात तिथल्या तिथं थांबला. वळायचं नाही म्हणून सांगितलेलं. त्यांनी ताट हळूच परत जागेवर ठेवलं आणि शेजारचा पाट पदराने पुसून दिला. तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली. निकिताला रडूच आलं, पण एसटी चुकवून चालणार नव्हतं.

सोमवारी वर्गात पडद्यावर तो आवाज आला. पुढच्या बाकावरच्या मुलीने ओढणीने डोळे टिपले.

सरांनी दिवे लावले. "गेलेल्या माणसाचा आवाज असा आणायचा, हे कसं सुचलं तुला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. एखादं मोठं उत्तर ठोकून देता आलं असतं. पण निकिताची जीभ वळेना.

"सुचलं नाही, सर. दादांना भूक लागली होती."

सरांनी मार्कांची वही उघडली. मग त्यांनी तिला पास केलं आणि पुढच्या वेळी वडिलांना आधी जेवू घालायला बजावलं.