चालवून पाहिलं का?

"माणूस कोण होता? अरे, माणूस!"

ही आरोळी उठली तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर एका पेशंटला भूल देत होतो आणि आरोळी तळमजल्यावरच्या सभागृहातून येत होती. अर्धा झोपलेला माझा पेशंट खडबडून जागा झाला आणि हात जोडून छत्तीसगढीत म्हणाला, "ड्राइवर हंव साहेब." त्याला पुन्हा झोपवायला मला दुप्पट औषध लागलं. काम आटोपून खाली गेलो तरी एक नवा रेसिडेंट डॉक्टर पडद्याशेजारी अजून पांढराफटक उभा होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'पुरुष, दम लागण्याची तक्रार.'

"पुरुष तर मीही आहो!" सर ओरडत होते. "नाव नको सांगू, पण काम काय करे? राहे कुठं?"

"सर, बीरगांव में... फैक्टरी में था."

"कोन्त्या फॅक्टरीत? लोखंडाच्या भट्टीपाशी उभा राहणारा अन् पोह्याच्या मिलमधला, दोघांचा खोकला सारखा असते काय बाबू?"

"पूछा नहीं, सर."

"मंग जा, पहिले घरच्यायले विचारून ये!"

आमच्या हॉस्पिटलचे हे मेडिसिनचे सर. इतका ओरडणारा आणि इतका कमी रागावणारा माणूस रायपुरात दुसरा झाला नाही, आणि अख्ख्या छत्तीसगढात झाला असेल तर त्याने घसा बसल्यामुळे कुणाला कळवलं नसेल. तात्यापाऱ्यात त्यांचं घर. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून इकडे आले आणि येताना मराठी घेऊन आले, ती सरांनी मुरलेल्या लोणच्यासारखी जपली. ते सगळ्यांशी मराठीत बोलत, सगळे त्यांना हिंदीत उत्तर देत, आणि दोन भाषा चालल्या आहेत हे दोन्ही बाजूंना कधी जाणवलंच नाही. मी भूलतज्ज्ञ, म्हणून मला ते 'ओ झोपवणारे' अशी हाक मारत.

सभागृहातल्या या बैठकीचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण आम्ही तिला नुसतं 'शनिवार' म्हणायचो. आठवड्यात जे पेशंट दगावले, बिघडले किंवा निव्वळ नशिबानं वाचले, त्यांची हकिगत रेसिडेंटनं सर्वांसमोर सांगायची. इतर ठिकाणी अशा बैठकीचं एक तर कोर्ट होतं, नाहीतर सत्संग. सरांनी दोन्ही होऊ दिलं नाही. पहिला प्रश्न सर्वांत नव्या पोरानं विचारायचा, प्रोफेसर मंडळींनी शेवटी. प्रश्नही ठरलेले. काय दिसलं? काय दिसायला पाहिजे होतं? अन् काहून नाही दिसलं? या तिसऱ्या 'काहून'वर, म्हणजे 'का'वर, सर असे अडून बसत, की वाटावं, आता उत्तर मिळेपर्यंत हा माणूस जेवायलाही जाणार नाही.

ओरडणं मात्र सगळं भलत्याच गोष्टींवर. अक्षर बारीक आहे म्हणून ओरडत, पंखा खडखडतो म्हणून पंख्यावर ओरडत. (पंखा त्यानंतर आठवडाभर दबून फिरायचा.) पण कुणी खाली मान घालून "सर, गलती मेरी थी" म्हटलं, की एकदम शांत. चष्मा काढायचे. पुढचे प्रश्न इतक्या हळू विचारायचे की मागच्या रांगेतले पुढे सरकून बसत. आणि बैठक संपल्यावर ब्राह्मणपाऱ्यातून आलेल्या गरम कचोरीतली पहिली कचोरी स्वतःच्या हातानं त्या चुकलेल्याला द्यायचे. तोपर्यंत प्रोफेसरांनीसुद्धा नुसता वास घ्यायचा. एकदा एका वस्तादानं कचोरीसाठी चूकच रचून आणली. तिसऱ्या प्रश्नाला तो पकडला गेला. सरांनी त्याला दोन कचोऱ्या दिल्या. म्हणाले, "खा बाबू. खोटं बोलाले ताकद लागते."

बिलासपूरच्या एका पोट्टीची गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. नवीनच रेसिडेंट झाली होती. एक बाई जबडा दुखतो म्हणून आली, हिनं तिला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि दुखणं निघालं हृदयाचं. बाई गेली. पोरीनं हॉस्टेलमध्ये बॅग भरली, डॉक्टरकी सोडून घरी जायला निघाली. सर म्हणाले, "शनिवार करून जा. मंग मी स्टेशनवर सोडून देतो." ती उभी राहिली, सगळं सांगितलं.

"ईसीजी काहून नाही काढला?"

"मशीन अलमारी में थी, सर."

"अलमारी काहून नाही उघडली?"

"चाबी सिस्टर के पास थी. वो खाना खाने गई थीं."

"बोलावलं काहून नाही?"

"जबड़े के लिए मशीन माँगने में शरम लगी, सर."

सरांचा चष्मा केव्हाच टेबलावर गेला होता. "लाज वाटली. हे खरं कारण. सगळ्यायनं ऐका. ही लाज तुम्हा सगळ्यायले वाटते." सोमवारी त्यांनी सुतार बोलावून त्या कपाटाचं दारच काढून टाकलं. ते दार पुढं कित्येक दिवस त्यांच्या केबिनमध्ये भिंतीला टेकून होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते त्याची ओळख करून द्यायचे. पोरगी गेली नाही. रडत रडत कचोरी खाल्ली, आणि त्यानंतर तिच्या पाळीत नुसती टाच दुखणाऱ्या माणसाचाही ईसीजी निघू लागला.

सरांचं दुसरं वेड चालवण्याचं. चक्कर येते म्हणणाऱ्या माणसाला चालवून पाहिल्याशिवाय घरी पाठवायचं नाही, हा त्यांचा कायदा. बहुतेक चकरा कानाच्या असतात, गोळ्यांनी बऱ्या होतात. पण मेंदूच्या मागच्या लहान भागात रक्त अडलं असेल, तर पलंगावर माणूस ठीकठाक दिसतो आणि उभा केला की कोसळतो. म्हणून सर पेशंटचा हात धरून व्हरांड्यात फेऱ्या मारत, लग्नातल्या सप्तपदीसारख्या. एकदा खऱ्याच लग्नात उन्हानं नवरदेवाला भोवळ आली. सरांनी त्याला मंडपातून चालवायला घेतलं. बॅंडवाल्यांना वाटलं वरात निघाली, त्यांनी जोरात सुरुवात केली, वऱ्हाडी नाचत मागे लागले, आणि अख्खी वरात चौकापर्यंत जाऊन आली तेव्हा सरांनी जाहीर केलं, "कानाचीच आहे. लावा लग्न!" वॉर्डात कुणी 'चक्कर' हा शब्द उच्चारला की रेसिडेंट एका सुरात म्हणायचे, "चालवून पाहिलं का?" हिंदी पोरांनाही एवढं मराठी यायचंच.

आणि एक इच्छा ते मला नेहमी बोलून दाखवायचे. "ओ झोपवणारे, म्या आतालोक या पोट्ट्यायले विचारलं. एकदा यायनं मले उभं करून विचारलं पाहिजे. मंग समजीन, शनिवार माझ्याशिवाय चालते."

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, एका शनिवारी, पडद्याशेजारी सर स्वतः उभे राहिले.

बीरगांवचा ऑटोवाला, चक्कर आणि उलट्या. सरांनी राउंडवर पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं, कानाचं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. दोन दिवसांनी त्याला बेशुद्ध आणला. मेंदूच्या मागच्या भागातच रक्त अडलं होतं. तो वाचला नाही. सरांनी माणूस पूर्ण सांगितला, ऑटोच्या मागे काय रंगवलं होतं तेसुद्धा. फक्त एक वाक्य सोडलं. आणि तिथं थांबले. चष्मा काढला आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांत नव्या पोराकडे पाहिलं.

सभागृहातल्या प्रत्येकाच्या जिभेवर ते तीन शब्द होते. भिंतींनाही पाठ होते. नव्या पोरानं बुटांकडे पाहिलं.

मग एक प्रोफेसर म्हणाले, "सर, ऐसे केस में किसी से भी हो सकता है." दुसरे म्हणाले, "पेशंट वापस आने में लेट हो गया." कुणी म्हणालं, सुरुवातीला सीटी स्कॅन केला असता तरी कदाचित काही दिसलं नसतं. सगळं खरं होतं, आणि सगळं प्रेमापोटी होतं. शाळेत पडलेल्या मुलाला सांभाळावं तसं अख्खं सभागृह त्यांना सांभाळत होतं. सर शेवटी त्या बिलासपूरच्या पोरीकडे वळले. ती आता सर्वांत सिनियर रेसिडेंट होती, आणि त्या राउंडवर त्यांच्या शेजारीच उभी होती.

"तू विचार," सर म्हणाले.

तिचे ओठ हलले. डोळे भरून आले. "मेरा कोई सवाल नहीं है, सर."

आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सरांच्या मोठेपणासाठी. मग सगळ्यांनीच वाजवल्या. एक माणूस मेला होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. त्या दिवशी सर ओरडले असते तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. ते "बसा" म्हणाले, तेही हळू. कचोरी आली. पहिली त्यांना देण्याची कुणाची छाती झाली नाही, त्यामुळे कुणीच खाल्ली नाही. त्या माणसाला सरांनी काहून चालवलं नाही? गुडघा दुखत होता? घाई होती? की इतक्या चकरा पाहून पाहून डोळे सरावले होते? उत्तर त्यांनी तयार करून आणलं असणार. ते उत्तर आमच्यापैकी प्रत्येकाला एक दिवस लागणार होतं. ते त्यांच्याजवळच राहिलं.

पुढं शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. आता सर तात्यापाऱ्यात असतात. मी गेलो की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत चालतात, आणि भाजीवाला दोनदा "क्या बोले?" विचारतो इतकं हळू बोलतात. मागच्या वेळी म्हणाले, "शनिवार कसा चालून राहिला, त्या पोट्टीले विचारून या."

ती पोट्टी आता आमच्याकडेच कायमची डॉक्टर आहे, शनिवार तीच चालवते. व्हरांड्यात गाठून मी तिला विचारलं. तिनं हातातल्या फायलीवरची नजर वर केली नाही.

"अच्छा चलता है, सर. अब किसी की गलती नहीं निकलती."