माकलं गेली त्या गावांना

लोक युरोपला जातात ते मनोरे बघायला, बर्फ बघायला, नाहीतर शेजारचे जाऊन आले म्हणून. माझ्या आईला जायचं होतं ते माकलं कुठे जातात ते बघायला.

आई मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेते आणि बाजारात बसून विकते. चाळीस वर्षं तरी झाली असतील. लिलावात चांगलं माकूल आलं, म्हणजे ते पांढरं, मऊ, शाई सोडणारं, की कंपनीचा माणूस पुढे सरसावतो, बोली वर नेतो आणि बर्फाच्या गाडीत भरून घेऊन जातो. कुठे नेता, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: युरोपला. आईने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की युरोप म्हणजे तिला कुणीतरी एक आगाऊ गिऱ्हाईकच वाटायचं, आपल्या नाकासमोरून चांगला माल उचलणारं.

"माझ्या हातची माकलं युरोपला जाऊन आली," ती म्हणायची, "मी तेवढी राहिले."

"जाऊन आली नाहीत, नुसती गेली," मी म्हणायचे.

"तेच म्हणते मी. मी परत येईन तरी."

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बारा वर्षं झाली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि डोकं माझं लवकर तापतं, हे गावाला ठाऊक आहे. एका सकाळी कामावर जायच्या घाईत आईने पुन्हा तेच पालुपद लावलं, तेव्हा मी चप्पल घालता घालता तडकून म्हणाले, "चल, नेतेच तुला एकदाची." म्हणाले ते रागात. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुपारपर्यंत आईने अख्ख्या बंदराला सांगून टाकलं होतं, त्यामुळे तो मार्गही बंद झाला.

कधी जायचं हा प्रश्नच नव्हता. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेवढाच काळ आईला मोकळा. कसं जायचं, तेही तिनेच ठरवलं. तिथवर विमानाने जावं लागणार हे तिने नाइलाजाने मान्य केलं, पण पुढचं सगळं आगगाडीने. "वरून काय दिसणार गो? खिडकीतनं गाव दिसतं, लोकांच्या पडव्या दिसतात, कोण काय वाळत घालतं ते दिसतं."

मग रोज संध्याकाळी ओटीवर नकाशा पसरायचा आणि आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसायचो. मी वहीत गावं लिहायची, फोनवर गाड्या शोधायची. आईची अट एकच: ज्या गावात मासळीबाजार नाही त्या गावात उतरायचं नाही. पॅरिस या एका वाक्यात उडालं. माद्रिद राहिलं, कारण समुद्रापासून इतकं लांब असूनही तिथला मासळीबाजार दांडगा आहे असं मी वाचलं होतं. आई म्हणाली, ते खरे खाणारे. मग बार्सिलोना. मग मी म्हटलं, इथून गाडी फ्रान्समध्ये मार्सेला जाते.

"मासे?"

"मासे नाही, मार्से. गावाचं नाव आहे."

"असू दे. ते घे."

तिथे धक्क्यावर सकाळी कोळणी स्वतः मासळी मांडून बसतात हे मी तिला वाचून दाखवलं, तर तिने मांडी बदलली, पुढे सरकली, आणि बोट नकाशावर त्या गावावर ठेवून किती तरी वेळ बसली. तिथून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने जिनोव्हा आणि शेवटी व्हेनिस, असा आमचा मार्ग ठरला. व्हेनिसला मात्र गडबड झाली. आमची गाडी पोचत होती रविवारी, आणि तिथला मासळीबाजार सोमवारी बंद. मी वैतागले, सगळा आराखडा एक दिवस पुढे ढकलावा लागणार होता. आई मात्र खूश.

"बघ," ती म्हणाली, "ती लोकंपण सोमवार पाळतात."

मी तिला समजावून सांगितलं की रविवारी होड्या जात नाहीत, म्हणून सोमवारी बाजार नसतो, शंकराचा काही संबंध नाही. तिने ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांना हेच कळलं होतं की व्हेनिसमध्ये सोमवारी मासळी खात नाहीत, फार धार्मिक लोक आहेत.

गाड्या बदलायच्या वेळांवरून आमचं रोज वाजायचं. एका स्टेशनात आमच्याकडे नऊ मिनिटं होती. "आणि आपली गाडी क्रॉसिंगला थांबली तर?" आई म्हणाली. मी सांगितलं की तिकडे दुहेरी रूळ आहेत, समोरच्या गाडीसाठी थांबावं लागत नाही. तिला हे पटलं नाही. आम्ही कोकण रेल्वेवाले, गाडी कुठेतरी रानात उभी राहणार हे धरूनच डबा बांधतो. मग तिने विचारलं, "जूनमध्ये जायचंय, तर पावसाळी वेळापत्रक बघितलंस का?" मी तिच्यावर ओरडले, की युरोपात पावसाळी वेळापत्रक नसतं, ते आपल्याकडे दरडींमुळे असतं. आणि ती आत चहा टाकायला गेल्यावर मी गुपचूप फोनवर शोधून बघितलं. नव्हतं.

अडचण आली ती व्हिसापाशी. शेंगेन व्हिसा हे नाव आईने पहिल्याच दिवशी शेंगदाणा व्हिसा करून टाकलं होतं. त्यासाठी मुंबईला जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात, हे मी वाचलं आणि वही मिटली. कारण आईचा अंगठा उठत नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला तरी लाल. चाळीस वर्षं बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात, कोलंबी सोलणं, कोयतीची धार. बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्यात. पासपोर्टाच्या वेळी कसंबसं निभावलं होतं. व्हिसाच्या वेळी काय होईल कोण जाणे. ठसे आले नाहीत तर काहीतरी सोय असते असंही कुठेतरी लिहिलं होतं, पण असल्या सोयीवर माझा विश्वास नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हाताला तीन आठवडे विश्रांती द्या, बर्फ नको, पाणी नको, तेल चोळा, रेषा थोड्या वर येतात. तीन आठवडे म्हणजे ऐन मे महिन्याचे. बंदीच्या आधीचा शेवटचा माल, चाकरमानी आलेले, पाहुणे आलेले, बाजारात पाय ठेवायला जागा नसते. आईने आयुष्यात तापात सुद्धा लिलाव चुकवला नव्हता. मला वाटलं, आता ही म्हणणार, मरू दे तुझा युरोप.

ती म्हणाली, "मग कोकमतेल काढ."

कोकमतेलाचा गोळा आम्ही एरवी भेगाळलेल्या टाचांना लावतो. रोज संध्याकाळी नकाशा पसरला की मी गोळा वाटीत वितळवायची आणि एकेक बोट चोळायची. तिच्या हातात हात घेऊन मी इतका वेळ कधी बसले नव्हते. सांधे सुजलेले, नखं कातरलेली, तळव्यावर पांढऱ्या जुन्या चिरा. मी चोळत असले की ती पुढच्या गाडीचं विचारायची, आणि मधेच डुलक्या घ्यायची. मला तिची फार माया यायची त्या वेळी. तसं बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी म्हणायची, "हात हलवू नकोस, नकाशावर तेल सांडेल."

अठरा दिवस तिने दम धरला. लिलावात तिच्या शेजारी बसणारी मावशी, तिची जुनी मैत्रीण, तिची जागा धरून होती आणि रोज येऊन काय आलं, काय गेलं ते सांगत होती. एकोणिसाव्या दिवशी मी कामावरून आले तर आई न्हाणीत हात खसाखसा धूत होती. लिंबू चोळलेलं. मला वासावरूनच कळलं. माकूल उदंड आलं होतं, मावशी एकटी पडली होती, आणि ही गेली होती. उजव्या तर्जनीला ताजी चीर.

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले. सगळी तिकिटं, सगळी गावं, एवढे दिवस चोळलेलं तेल. आणि शेवटी म्हणाले, "असल्या हातांना कोण देणार व्हिसा?"

आईने हात पदराला पुसले आणि पदराखाली घेतले. "जायचंय गो मला," ती म्हणाली. "अख्ख्या बंदराला सांगून बसलेय. त्या मशीननं नाय म्हटलं तर मी तोंड कुठे दाखवू? दिवसभर घरात बसून हेच येतं मनात. तिथं हात चालत होते तेवढा वेळ नव्हतं येत."

मी माफी मागितली नाही. संध्याकाळी वाटी घेऊन बसले तेव्हा तिने हात मुकाट्याने पुढे केला, चीर पडलेलं बोट वेगळं धरून.

चार दिवसांनी आम्ही गाडीने मुंबईला गेलो. गाडी वाटेत दोनदा क्रॉसिंगला थांबली आणि दोन्ही वेळा आईने माझ्याकडे बघितलं. व्हिसाच्या कचेरीत खिडकीपाशी एक तरुण बाई होती, शांत स्वभावाची. आईने उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली. लाल. बाईंनी काच पुसली, आईची बोटं स्वतःच्या रुमालाने पुसली, पुन्हा ठेवायला सांगितलं. लाल. आईच्या ओठांवर घाम आला होता. मी देवाचं नाव घेत होते, आणि मी घेत नाही सहसा. डाव्या हाताची चारही आली. उजव्याची तिसऱ्या खेपेला आली, तर्जनी सोडून. अंगठे काही केल्या येईनात.

"काय काम करता आजी?" बाईंनी विचारलं.

"मासळी विकते."

बाईंनी मान हलवली, पडद्यावर बराच वेळ काहीतरी टंकलं आणि म्हणाल्या, "जेवढे आलेत तेवढे घेतलेत, बाकीचं कारण लिहिलंय. एवढ्यावर कुणी अडवत नाही." व्हिसा पुढे दोघींचाही आला. पण आईला त्या वेळीच काय ते मिळालं. ती खुर्चीत मागे टेकून बसली, पहिल्यांदा.

मग बाई मला म्हणाल्या, "तुम्ही ठेवा."

मी बोटं ठेवली. काचेला नीट टेकली असतील नसतील, हिरवा दिवा. दुसरा हात, हिरवा. अंगठे, हिरवा. समोरच्या पडद्यावर माझ्या दहा बोटांच्या रेषा उमटल्या, एकेक ठळक, पुस्तकात छापल्यासारख्या.

"तुमचे लगेच आले," बाई म्हणाल्या.

"येणारच," आई त्यांना म्हणाली. पुढे वाकून ती पडदा बघत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की जणू सगळी दहाच्या दहा तिचीच आली. "तिला मी कधी बर्फात हात घालू दिला नाय."

खरं होतं. बंदरापासून हाकेच्या अंतरावर जन्म काढून मी मासळीची एक पाटी उचललेली नाही. लहानपणी पाटीजवळ गेले की ती कोपराने ढकलायची, तू नको, अभ्यासाला बस. आजही घरची मासळी तीच साफ करते. मला आजवर वाटत होतं, मला जमत नाही म्हणून ती करू देत नाही. तसं मी लोकांना हसत सांगतही आले होते. आणि मी तिला तिच्या हातांवरून बोलले होते.

मला तिथेच तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. मी तशीच खुर्चीत बसून राहिले आणि डोळे भरून आले.

"आता काय झालं?" आई म्हणाली. "आली ना बोटं? ऊठ, मागं लोक उभे आहेत."