पंख्यापाशी बसायला कुणीतरी हवं

मासेबाईंना कुणी मासेबाई म्हटलेलं मुळीच खपायचं नाही, आणि गंमत अशी की गावोगावची पोरं त्यांना दुसऱ्या कुठल्याच नावाने ओळखत नव्हती. शाळेच्या फाटकातून गाडी आत शिरली की एकच गिल्ला व्हायचा. बाई खाली उतरणार, चष्मा पुसणार आणि कमरेवर हात ठेवून सांगणार, "हे बघा, देवमासा हा मासा नाही. माशाला कल्ले असतात, याला फुप्फुसं आहेत. श्वास घ्यायचा तर याला पाण्याच्या वर यावंच लागतं. आणि याची आई पिलाला दूध पाजते, तुमच्या आईसारखं. कळलं?" पोरं एका सुरात म्हणायची, "कळलं, मासेबाई." आता यावर काय बोलणार? कपाळ!

नोकरी विज्ञान केंद्रातली. बाईंच्या ताब्यात एक कापडी देवमासा होता. घडी घातली की गाडीत मावायचा, आणि मोठा पंखा लावला की फुगत फुगत असा उठायचा की शाळेचं सभागृह भरून जायचं. जबड्याखालच्या फटीतून वाकून पोटात शिरायचं. आत निळसर उजेड, दोन्ही बाजूंना शिवलेल्या फासळ्या, मधोमध लाल कापडाचं हृदय, दोन पोरांनी मिळून कवटाळलं तरी कवेत येणार नाही असं. तिथे मांडी घालून बाई सांगत. एवढं धूड, पण काही जातींना दातच नसतात, तोंडात झालरी असतात. पाणी आत घ्यायचं, झालरीतून गाळून बाहेर टाकायचं, मागे उरतील ते बारीक कोळंबीसारखे जीव गिळायचे. डोक्यावरून कारंजं उडतं ते पाणी नव्हे, तो त्याचा उच्छ्वास. आणि बिचाऱ्याला आपल्यासारखं गाढ झोपता येत नाही. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो, कारण श्वास घ्यायला वर जायचं कुणीतरी लक्षात ठेवायला हवं ना! पिल्लू जन्मलं की आई त्याला वर ढकलते, पहिला श्वास घ्यायला. मग बाई आवाज खाली आणत आणि शेवटची गोष्ट सांगत: समुद्रात दूरवर दिसत नाही, पण ऐकू खूप दुरून येतं. एका देवमाशाची हाक शेकडो मैलांवरच्या दुसऱ्याला पोचते.

या पोटात शिरायचे दोन नियम होते, आणि बाईंनी त्यात देवाचंही ऐकलं नसतं. एक, पंख्यापाशी बाहेर कुणीतरी बसलंच पाहिजे. पंखा थांबला तर सगळं कापड आतल्यांच्या अंगावर येतं. दुसरा, आत काही टोकदार, टणक न्यायचं नाही. किल्ल्या, बांगड्या, पिना, पेनं, फोन, सगळं एका थैलीत आणि थैली पंख्याजवळ. पंख्यापाशी बसायचा गाडीवाला. भला माणूस, पण दोघांत बोलणं काय, तर "डिझेल भरलं का" आणि "उद्या किती वाजता". लग्न बाईंनी केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. महिन्यातले बरेच दिवस त्या कुठल्यातरी लॉजच्या खोलीत काढायच्या, एक खाट, एक बादली आणि भिंतीपलीकडून येणारा दुसऱ्याचा टीव्ही. घरी यायच्या त्या आईसाठी. आई धाकट्या बहिणीकडे असायची.

त्या दिवशी बाई अशाच एका शाळेत पोटात बसून हाकेची गोष्ट सांगत होत्या. बाहेर थैलीत फोन वाजत होता. धाकटी पुन्हा पुन्हा लावत होती. आईचं आता काही खरं नव्हतं, पण ती शुद्धीवर होती आणि "मोठी कुठंय, मोठीला बोलवा" एवढंच म्हणत होती. पंख्याची घरघर एवढी की गाडीवाल्याच्याही कानावर काही पडलं नाही. एका वर्गानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. बाई बाहेर आल्या, थैली उघडली, धाकटीचे इतके फोन येऊन गेलेले पाहिले आणि तशाच निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"मला ऐकू आला नाही गं," बाई म्हणाल्या.

धाकटी म्हणाली, "फोन रेड्यालासुद्धा ऐकू जाईल असा वाजतो तुझा, ताई. शेकडो मैलांवरची हाक ऐकू जाते म्हणे. पोरांना सांगतेस ना?" त्यानंतर अबोला नव्हता म्हणा, वीजबिलापुरतं, कुणाच्या आजारपणापुरतं बोलणं होतं. ते अबोल्याहून वाईट. बाईंना बाकी कुणाकडून काही नको होतं. धाकटीने एकदाच म्हणावं, ताई, तुला खरंच ऐकू आलं नसेल. पण मागून मिळते का अशी गोष्ट?

वर्षं गेली. केंद्राने पडद्यावर पोहणारा देवमासा आणला, चष्मा लावून बघायचा. कापडी मासा भंगारात निघाला. बाईही निवृत्त होत होत्या. त्यांनी साहेबांकडे निरोपाची भेट म्हणून तोच मागितला. साहेब म्हणाले, "बाई, ठेवणार कुठे?" प्रश्न रास्त होता. खोली एकच होती.

एका दुपारी बाईंनी खाट उभी केली, टेबल मोरीच्या दाराशी सरकवलं, पंखा दाराबाहेर जिन्यावर ठेवला आणि बटण दाबलं. देवमासा उठला तो छताला टेकला. शेपटी काही उघडेना. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर दुमडून पडली. शेजाऱ्यांनी धडाधड दारं लावून घेतली. जबडा बरोबर उंबऱ्यापाशी आला होता. बाईंना फार वाटलं, एकदा आत जाऊन बसावं. जन्म त्या पोटात गेला होता. त्या वाकल्याही, आणि थांबल्या. पंख्यापाशी कुणी नव्हतं.

कुणाला बोलवायचं, याचा विचार करत त्या जिन्यावर बसून राहिल्या. फार वेळ लागायला नको होता. माणसंच किती होती? गाडीवाला केव्हाच दुसऱ्या गावी गेला होता. अखेर पंखा बंद करून, मनाचा हिय्या करून त्यांनी फोन लावला.

"मला एक माणूस हवंय. पंख्यापाशी बसायला."

"दुसरं कुणी नाही का?" धाकटीने विचारलं.

"नाही. कुणीच नाही."

मग धाकटी म्हणाली, "येते."

आली, ती तोंड फुगवूनच. पंख्याशेजारी खुर्ची टाकून बसली. बाईंनी सवयीने बांगड्या, किल्ल्या, फोन थैलीत टाकले आणि थैली तिच्या पायाशी ठेवली. "हा थांबला तर मला बाहेर ओढ," एवढं सांगून पंखा लावला आणि वाकून आत गेल्या. हृदयाला पाठ टेकून बसल्या. सांगायला समोर कुणी नव्हतं. निळ्या उजेडात त्यांना आईची फार आठवण आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या. बाहेर ऐकू जाण्याची भीती नव्हतीच.

डोळे पुसून त्या बाहेर आल्या. धाकटी स्वतःचा फोन कानाला लावून बसली होती आणि टक लावून थैलीकडे पाहत होती. तिचे ओठ हलले, पण घरघरीत काही कळेना. "काय?" बाई ओरडल्या. धाकटीने उठून पंख्याचं बटण बंद केलं.

देवमासा हळूहळू खाली बसू लागला. जिन्यावर शांतता झाली, आणि त्या शांततेत थैलीतला फोन कर्कश वाजताना ऐकू आला.

धाकटीने तो बंद केला नाही. दोघी उभ्या राहून ऐकत होत्या.

"पायाशी होता गं, ताई," ती म्हणाली. "माझ्या पायाशी."