एस-चौदा

मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत ऑफिसात बसतो. आमच्याकडं ग्रेड एक म्हणजे मोठे साहेब आणि ग्रेड आठ म्हणजे गेटवरचा वॉचमन. सरकारातही वर्ग एक वर, वर्ग चार खाली. आकडा लहान तेवढा माणूस मोठा, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

बहिणीची मुलगी बदनापूरला असते. वयाच्या अटीमुळं भरतीचं ते तिचं शेवटचंच वर्ष. दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्ही परीक्षा एकाच रविवारी आल्या. ती दाजींना घेऊन माझ्याकडं आली.

"मामा, एकीकडं एस-सहा, दुसरीकडं एस-चौदा, अराजपत्रित. कोणती देऊ?"

दोन्ही शब्द मला नवे. पण माहीत नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

"सहा वर, चौदा खाली. अन् अराजपत्रित म्हणजे धड सरकारीसुद्धा न्हाई."

"पण चौदावालीला अभ्यास जास्त हाय. आकडा उलटा तर नसंल?"

"मंग तूच शिकव मामाला!" दाजी म्हणाले. "ते काय ऑफिसात माशा मारून राह्यले?"

आम्ही दोघंही हसलो. तिनं सहावाली परीक्षा दिली. यादीत नाव आलं नाही.

पुढं कधीतरी एका सहकाऱ्यानं मुलासाठी छापून काढलेली भरतीची अख्खी जाहिरात वाचायला मिळाली. एस म्हणजे पगाराचा स्तर. आकडा वाढला की पगार वाढतो. अराजपत्रित नोकरीही पक्की सरकारीच, फक्त नेमणूक राजपत्रात छापत नाहीत. मी कुणाला काही बोललो नाही. दाजी मात्र सगळीकडं सांगायचे, "पाहुण्यांनी बराबर सांगितलं होतं, आमचंच नशीब खोटं."

परवा बदनापूरला गेलो, अंगणात तिला एकटीला गाठून सांगितलं.

"मला परीक्षेच्या आधीच कळल्तं, मामा. बाबाला बोलले बी. ते म्हणले, मामापेक्षा तुला जास्त कळतं का?"

"दाजींना आत्ता सांगतो."

"नका. माझं वय थोडंच कमी होणार हाय?"

तरी मी घरात जाऊन दाजींसमोर बसलो अन् सांगितलं. मला ते आणखी पोटात ठेवणं होत नव्हतं, खरं कारण एवढंच.

"चेष्टा करता का पाहुणे," दाजी हसले. माझं तोंड बघून थांबले. मंग दारात उभ्या मुलीकडं वळून हळूच म्हणाले, "तू सांगत होती."

ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा."

त्यांनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही. मीही उठू शकलो नाही.