वाघर सर्चवर नव्हती

हे मी बायकोलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही. तिला अर्धं ठाऊक आहे — शिंदे सरांनी मला कसं फसवलं ते. तेवढं मी खूप जणांना सांगितलं, आणि दर वेळी सांगताना आवाज चढला. राहिलेलं अर्धं कुणालाच नाही. ते आज सांगतो. जरा सावकाश सांगू द्या.

आमचं गाव सांगोल्याकडचं. गाव नावालाच — दिवाळी सरली की मेंढरं घेऊन निघायचं, ते थेट श्रीपूरच्या उसाच्या पट्ट्यात. ऊस तुटलेल्या रानात मेंढ्या बसवायच्या. लेंडीखत रानाला, त्या बदल्यात मालक जोंधळे द्यायचा. त्याच्या मनात आलं तर. एका घोंगड्यात आम्ही तिघं भावंडं आणि नुकतं जन्मलेलं एखादं कोकरू. ऊब आधी कोकराला, मग आम्हाला. दिवस मावळताना अण्णा, म्हणजे माझे वडील, वाघर लावायचे. वाघर म्हणजे दोरीची जाळी. मेखा ठोकून मेंढ्यांभोवती बांधतात. कोकरं वाढायची, वाघर तेवढीच. दुसरी आणायची कुठून? अण्णा ती गोल ताणायचे, चौकोनी कधीच नाही. "गोल घे की रं, समदी मावत्यात," म्हणायचे. मेख धरायचं काम माझं. घाव चुकला तर माझ्या बोटावर.

आत्यानं मला मंगळवेढ्यात ठेवून घेतलं म्हणून शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., बी.एड. हे मी ताठ मानेनं सांगतो, अजूनही. मग वडील काय करायचे, हे सांगताना मान का वळायची? सोलापूरच्या शाळेत लागलो तेव्हा "वडील शेती करतात" एवढंच बोललो. कारण होतं. आमच्या स्टाफरूममध्ये पोरांना 'मेंढरं' म्हणायची पद्धत होती. "काय मेंढरं भरलीत सातवीत!" की सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग शाळेत ते सर्च इंजिन आलं, खास शिक्षकांसाठीचं. धड्याचं नाव टाकलं की शिकवायला उपयोगी तेवढंच पुढं येतं — चित्रफिती, कृती, सरावाचे प्रश्न — आणि प्रत्येकाखाली ते तयार करणाऱ्या शिक्षकाचं नाव. बाकीचे वैतागले, मला मात्र ते जमलं. नुसतं 'अपूर्णांक' टाकलं तर ढीग येतो, 'अपूर्णांक सहावी कृती' टाकलं तर नेमकं हातात पडतं, हे मी सगळ्यांना शिकवलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला 'सर्चवाले सर' म्हणायला लागल्या. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सातवीला परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवायचं होतं. सर्चवर शोधलं, होतं बरंच, पण कोरडं. मग मी घरून सुतळी आणि मूठभर हरभरे नेले. सुतळीची टोकं बांधली. ही वाघर, हे हरभरे म्हणजे मेंढ्या. सुतळी तेवढीच ठेवायची, आकार बदलायचा — लांबट, चौकोनी, गोल — आणि दाणे किती मावतात ते बघायचं. वर्ग पेटला हो! पोरं जमिनीवर पालथी पडून दाणे लावत होती. शिंदे सर शेजारच्या वर्गातून आले आणि मोबाईलवर सगळं टिपायला लागले. आमचा डबा एक, माझ्या मुलीच्या बारशाला तिला मांडीवर घेऊन बसलेला हा माणूस. मला काय वाटायचंय? गोंगाट ऐकून मोठ्या बाईही आल्या.

"सर, अफलातून! कुठं मिळालं हे?"

तोंडाशी आलं होतं. एकच शब्द होता — घरी. पण मी म्हणालो, "सर्चवर, मॅडम."

इथवर नुसतं खोटं होतं. पण तेवढ्यात मागच्या बाकावरची सारिका उभी राहिली. आमच्याच बाजूची पोर, मामाकडं राहून शिकणारी. तोंड भरून हसत होती. "सर, आमचे आबाबी वाघर अशीच गोल लावत्यात की! हे आमच्यातलं हाय."

कुणीतरी "ब्यॅ" केलं. वर्गात हशा पिकला. आणि मी — मी काय म्हणालो माहीत आहे? "खाली बस. मोठमोठ्या तज्ज्ञांनी बनवलंय हे. ते काय तुझ्या आबाच्या मेंढरांमागं हिंडत होते?" बाई हसल्या, शिंदे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

ती बसली. पण पोर चिवट. पुढच्या संगणकाच्या तासाला — तो मीच घ्यायचो, पोरांनाही सर्च उघडून द्यायचो — तिनं सर्चवर आमची वाघर शोधली. परिमिती टाकून पाहिलं, मेंढ्या टाकून पाहिलं. "सर, सापडंना की." मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "नीट शोध." त्यानंतर दर तासाला ती शोधायची. मला दिसायचं. नसलेली गोष्ट मी तिला शोधायला लावली होती, आणि सापडत नाही म्हणून ती स्वतःलाच बावळट समजत होती. एका शब्दात थांबवता आलं असतं. थांबवलं का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर संगणकाच्या तासाला ती माझ्या टेबलाशी आली. "सर, सापडलं." तिच्या पडद्यावर जाऊन पाहिलं, तर माझाच वर्ग. माझी सुतळी, माझे हरभरे. मला तेवढं कापून टाकलेलं, आवाज शिंद्यांचा, खाली नावही शिंद्यांचं. सारिका बारीक आवाजात म्हणाली, "पण सर, हे तर आत्ता सुट्टीत टाकल्यालं हाय. तुमी म्हनला हुता तवा हे नव्हतंच की."

मी तिला वर्गात जायला सांगितलं आणि शिंद्यांना गाठलं. "माझा पाठ चोरलास?"

डबा उघडता उघडता तो म्हणाला, "तुझा? अरे, तूच म्हणालास सर्चवर मिळालं. मी शोधलं, नव्हतं. म्हटलं काढून टाकलं असेल कुणीतरी. मग टाकलं मी. तुझा होता तर तेव्हा बोलायचंस की!"

ज्याच्या पानात मी रोज जेवलो त्यानं मला कापून टाकलं, ही आग आजही विझलेली नाही. त्याला ठाऊक होतं, हे मी आजही पैजेवर सांगतो. त्या पाठाबद्दल त्याचा सत्कार झाला. मी डबा वेगळा केला. वर्षानुवर्षं फसवला गेलेला माणूस म्हणून जगलो — आणि त्यात एक सोय होती. फसवलेल्याला कुणी विचारत नाही, की तू कुणाला फसवलंस.

सारिका गणितात पास होत गेली. माझ्या तासाला तिनं पुन्हा हात वर केला नाही. दहावी करून गेली. मी तिच्याशी एकदाही बोललो नाही. अण्णांनाही, ते असेपर्यंत, त्यांची वाघर शाळेत पोचल्याचं सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी तो पाठ माझ्या नावानं सर्चवर टाकला. पहिलीच ओळ अशी आहे — हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो, ते मेंढ्या राखायचे. 'परिमिती सातवी कृती' टाकलं की आधी शिंद्यांचा पाठ येतो, खाली माझा.

सारिकाचं तिथं काही लिहिलेलं नाही. ते इथं लिहिलं.