खडूची खूण

आमच्या भागातून डाळ, संत्री, सरकी परदेशी जाऊ लागली, पण त्यातून उद्भवणारी भांडणं मात्र मुंबईचे वकील लढत. अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात अर्धं आयुष्य काढलेल्या मला त्याचा राग यायचा. म्हणून आंतरराष्ट्रीय लवादाचं प्रशिक्षण बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात होणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात आधी नाव मी नोंदवलं.

प्रशिक्षक मुंबईचे होते, वर्षातले बरेच महिने परदेशात असत. बोलणं अत्यंत गोड. प्रत्येकाशी हात मिळवला की खिशातून छोटी बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळत. ते मला खटकलं होतं, पण शिकवायचे फार छान. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट बजावली. साक्षीदाराला सुनावणी कशी चालते ते जरूर समजावून सांगा, पण खऱ्या प्रकरणाची हकिगत घेऊन त्याच्याकडून तालीम करून घेऊ नका. "उत्तरं घोटून घेतलेला साक्षीदार म्हणजे आपल्या व्यवसायातली घाण," असं ते म्हणाले. मला ते मनापासून पटलं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली साक्षीदार पढवणारे वकील मी रोज पाहत होते.

शेवटच्या दिवशी लुटूपुटूची सुनावणी होती. प्रकरण काजूचं. परदेशातल्या खरेदीदाराचं म्हणणं, कंटेनरमधला सगळा माल ओला निघाला. विकणाऱ्याचं म्हणणं, तुम्ही कंटेनर बंदरात उघडा टाकलात, भिजली ती फक्त दाराजवळची पोती. माल तपासणारा निरीक्षक म्हणून प्रशिक्षकांनी एका गृहस्थांना आणलं होतं. "आमचे मित्र, दुबईला असतात, हौसेनं आलेत," एवढीच ओळख करून दिली.

माझी पाळी आली. मी विचारलं, "आतली पोती तपासायची तर दारातली आधी उतरवायला हवीत. ती कुणी उतरवली? कुठे ठेवली?"

गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला. मान पुसली आणि माझ्याकडे न बघता प्रशिक्षकांकडे बघू लागले. हौसेनं आलेला माणूस इतका का घाबरला, असं माझ्या मनात येऊन गेलं. प्रशिक्षकांनी टाळी वाजवली. "वा! चहा घेऊ या." आणि त्यांना घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले.

चहानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. आता उत्तर तयार होतं. पोती गोदामाच्या माणसांनी उतरवली, शेडच्या उजव्या बाजूला रचली. मागच्या रांगेतल्या एका तरुण वकिलानं विचारलं, "तपासलेली पोती कोणती ते कसं ओळखलं? काही खूण केली होती?" गृहस्थ चाचरत म्हणाले, "खडूनं. खडूनं फुली मारली होती." प्रशिक्षक आम्हाला म्हणाले, "आता हे उत्तर फोडून दाखवा." आम्ही तुटून पडलो. एकेक भोक आम्ही दाखवायचं, एकेक त्यांनी बुजवायचं. दुपारभर हा खेळ चालला. माझं कौतुक झालं आणि मी खुशीत घरी आले.

काही महिन्यांनी अकोल्याचे एक डाळमिलवाले माझ्याकडे आले. राहायला जुन्या शहरात, मिल एमआयडीसीत. त्यांनी दुबईला पाठवलेली तूरडाळ ओली निघाल्याचा दावा होता, आणि मी हे शिक्षण घेतल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कागद वाचताना काजूची आठवण झाली, पण कंटेनरची भांडणं साधारण अशीच असतात, असं म्हणून मी कामाला लागले. समोरच्या बाजूला आपले प्रशिक्षकच वकील आहेत हे पाहून तर मला जरा अभिमानच वाटला. गुरूसमोर उभं राहायचं होतं.

सुनावणी ऑनलाइन होती. मी मिलवाल्यांच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसले. लवाद म्हणून सिंगापूरहून एक वयस्क बाई होत्या. खरेदीदाराचा निरीक्षक पडद्यावर आला आणि मी लॅपटॉपकडे वाकून पाहिलं. तेच गृहस्थ. तीच मान, तोच रुमाल.

मला दुसरा प्रश्नच सुचेना. मी तोच विचारला, दारातली पोती कुणी उतरवली?

"गोदामाच्या माणसांनी. शेडच्या उजव्या बाजूला रचली. तपासलेल्या पोत्यांवर मी खडूनं फुली मारली होती."

एकही शब्द अडखळला नाही. शेजारच्या चौकटीत माझे गुरू शांतपणे पाणी पीत होते.

मिलवाल्यांनी माझं तोंड पाहिलं. हळूच म्हणाले, "काहून ताई? वयखता काय याले?"

मी माइक बंद करून ही ओळख कुठली ते त्यांना थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमीच शिकवलं त्याले?"

त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीची शिसारी आली. त्या दुपारी खाल्लेले हॉटेलातले समोसेसुद्धा घशाशी आल्यासारखे वाटले.

मी माइक सुरू केला आणि लवादबाईंना सगळं सांगितलं. हॉटेल, काजू, व्हरांडा. "ही खडूची फुली माझ्यासमोर, अमरावतीत जन्माला आली आहे," असं म्हटलं. प्रशिक्षक हसले. ती केवळ शैक्षणिक कार्यशाळा होती, हकिगत काल्पनिक होती आणि विदुषी वकीलबाई भावनेच्या भरात बोलत आहेत, असं त्यांनी नम्रपणे मांडलं.

लवादबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. साक्षीदाराला विचारलं, "तुमच्या तपासणी अहवालात खडूचा उल्लेख आहे?"

"नाही."

"हे प्रश्न तुम्हाला आधी कुणी विचारले होते?"

गृहस्थ पडद्याच्या कडेला बघू लागले. मग म्हणाले, "सरावासाठी."

निकाल मिलवाल्यांच्या बाजूनं लागला. निरीक्षकाची साक्ष लवादबाईंनी बाजूला ठेवली. वकिलाच्या वागण्याबद्दल मात्र एकच वाक्य होतं, घडलं ते खेदजनक आहे. कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेकडे मी तक्रार केली. हा विषय त्यांच्या कक्षेत येत नसल्याचं त्यांनी कळवलं.

ते एक वेळ समजू शकते. पण आमच्या बाररूममध्ये जे झालं ते मला अजून गिळता येत नाही. "एवढा मोठा माणूस आपल्या गावात येतो, तुम्ही कशाला तोंड उघडलं?" हे मला सांगणारे त्या दुपारी माझ्याच शेजारी बसले होते. आपला वापर झाला याचं कुणाला काही वाटत नव्हतं. एकानं तर सांगितलं, "अहो, खऱ्या साक्षीदारावर हात साफ करायला मिळाला, हे तर उलट चांगलं."

या हिवाळ्यात ते प्रशिक्षक पुन्हा येणार आहेत. परवा बारचे अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या न."

"देते की," मी म्हटलं. "जसे आहेत तसा करून देईन."

ते म्हणाले, "राहू द्या, दुसऱ्या कुणाला सांगतो," आणि हारांची ऑर्डर द्यायला निघून गेले.