ओसरीतली दोन पोती

शंभरातले एकतीस. मी दोनदा मोजले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले, तरी एकतीसच. ओल्या गोणपाटावर बाकीचे एकोणसत्तर दाणे फुगून बुळबुळीत होऊन पडले होते, काहींना वासही सुटला होता. शेजारच्या गोणपाटावर माझ्या घरचं सोयाबीन होतं. त्यातल्या चौऱ्याऐंशी दाण्यांनी पांढरे मोड काढले होते. दोन्ही बियाणी एकाच शिवारातली, एकाच जातीची, एकाच आठवड्यात मळलेली. आणि दोन्ही सात महिने माझ्याच घरात राहिलेली. असं होणं शक्यच नव्हतं.

ओसरीत सात-आठ शेतकरी बसले होते आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दरवर्षी मेच्या अखेरीला हे असंच असतं. नांदूरघाटच्या बाजूच्या आमच्या गावात कृषी पदविका केलेला मी एकटाच. नोकरी केली नाही, शेतीच केली, पण शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून पेरणीच्या आधी सल्ले वाटत असतो. कुणी विचारलं तरी, न विचारलं तरी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लोकांना आखणी करून देतो: कुठल्या पट्टीत सोयाबीन, कुठल्या पट्टीत मका, दोन ओळींत किती अंतर, बी किती खोल. ओसरीत माणसं जमली की बायको आतून विचारते, "विद्यापीठ उघडलं का आज?" तिच्या चेष्टेचा मला राग येतो, पण खोटं कशाला बोलू, माणसं जमलेली मला आवडतात.

त्या एकतीस दाण्यांची मालकीण माझ्या समोरच खांबाला टेकून उभी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर, दोन एकर रान. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जातात ते होळीनंतरच परत येतात. पोरगी आजीपाशी गावात राहते, ती या वर्षी दहावीला गेली. मागच्या दसऱ्याला बाईनं येऊन मला सरळ विचारलं होतं.

"भाऊ, पुढल्या साली मला जायचं न्हाई. पोरीची धावी हाय. दोन एकरात काय केलं तर मी घरी ऱ्हाईन, ते सांगा."

मी तिला सगळं मांडून दिलं. दीड एकर सोयाबीन, अर्धा एकर मका. मका म्हशीला चारा म्हणून, म्हणजे दुधावर घर चालेल. मक्याचं बी संकरित असतं, ते दरवर्षी नवं घ्यावंच लागतं. सोयाबीनचं तसं नाही, घरचं बी चालतं, फक्त जीव लावून जपावं लागतं. त्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते आणि कोंब सालीच्या लगेच खाली असतो. पोतं आपटलं, वर ओझं पडलं, की आतला कोंब मोडतो आणि बाहेरून दाणा होता तसाच दिसतो. हे मी तिला दाणा दातानं सोलून दाखवलं होतं. तिनं तेव्हा दोन पोती बी निवडून काढलं, एकेक दाणा बघून. पोत्यांची तोंडं जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठानं शिवली आणि जायच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या डोक्यावर देऊन माझ्या घरी आणून ठेवली. तिचं घर पत्र्याचं, तापतं, म्हणून मीच म्हणालो होतो माझ्याकडे ठेव.

परत येताना मांजरसुंब्याला त्यांची गाडी चहाला थांबली तेव्हा तिनं तिथून फोन केला होता. घरच्यांची खुशाली नाही, काही नाही, पहिला प्रश्न हा: "भाऊ, बी नीट हाय का?"

"अंड्यावानी जपलंय," मी म्हणालो होतो.

आणि आता एकतीस. सत्तरच्या खाली उगवण गेली की एकरी बी वाढवून पेरता येतं, पण एकतीसवर काहीच करता येत नाही. ते बी नव्हतंच, डाळीला घातलं तरी कुणी खाल्लं नसतं. तिला ते कळलं होतं. तिचा नवरा उकिडवा बसून गोणपाटावरचे दाणे बोटानं दाबून बघत होता.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी तिच्यावर घसरलो. सगळ्यांच्या देखत. मळणी यंत्र जोरात पळवलं असणार, फेरे कमी ठेवायला सांगितले होते की नाही? बी ओलं भरलं असणार. वाळवताना डांबरी रस्त्यावर टाकलं असणार. एक विसरलो की दुसरं काढत होतो. माणसं माना डोलवत होती. माझा आवाज मला स्वतःलाच चढलेला ऐकू येत होता, पण थांबवता येईना, कारण थांबलो असतो तर एकच प्रश्न उरला असता.

"कावून गं," नवरा तिच्यावर खेकसला, "वाळविलं नव्हतंस का नीट?"

"वाळविलतं की," ती म्हणाली. "सावलीला. पाच दिस."

एवढंच. मग तिनं पदर खोचला, आपलं गोणपाट गुंडाळलं, काखेत मारलं आणि गेली. नवराही मागोमाग गेला. बाकीच्यांना मी मका पेरायचं अंतर सांगत राहिलो, पण काय सांगितलं ते मला विचारू नका.

सगळे गेल्यावर बायको बाहेर आली. तिच्या हातात चहा नव्हता, यावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं.

"तिच्यावर कावून ओरडलात?"

"मग काय करू? बी मेलंय तिचं."

"मारलं कुनी?" ती म्हणाली. "त्या दोन पोत्यांवर तुमी सायेबाला बसवलं न्हाई का?"

ती काय म्हणतेय हे मला आधी खरंच कळलं नाही. आणि मग कळलं. मी तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसलो.

थंडीत माझ्या ओसरीत मेळावा झाला होता. बियाणे कसे जपावे या विषयावर. तालुक्याचे साहेब आले होते, गावातले एक पुढारी आले होते, ओसरी गच्च भरली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी पोरांना सांगून आतली पोती बाहेर आणवली होती. ती आडवी टाकून वर सतरंजी अंथरली. छान बैठक झाली. साहेब अंगानं दांडगे, पुढारी त्याहून. दोघांच्या मध्ये मी. मी उभा राहून दीड तास बोललो, पोतं आपटू नका म्हणालो, चारच्या वर थप्पी रचू नका म्हणालो, आणि टाळ्या पडल्यावर पुन्हा त्याच पोत्यांवर खाली बसलो.

"ती पोती तिची व्हती हे मला कुठं ठाऊक?" मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

"तुमाला ठाऊक व्हतं," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पोरं आपली पोती उचलाया लागलते. तुमीच म्हनलात, आपली नको, ती बाजूची घ्या."

मी हे म्हणालो होतो. आता ते वाक्य मला माझ्याच आवाजात स्पष्ट ऐकू आलं. म्हणताना मनात काहीच आलं नव्हतं. वाईट हेतू नव्हता, चांगलाही नव्हता. आपली फळ्यांवर नीट रचलेली होती, तिची दाराजवळ होती, बस. पण इतक्या सहज तोंडातून गेलं याचाच मला धक्का बसला. जीभ चावून घ्यावीशी वाटली.

आणि पुढं ती पोती आत गेलीच नाहीत. ओसरीतच राहिली. बैठक चांगली जमली होती ना. रोज संध्याकाळी कोण ना कोण येऊन त्यावर टेकायचं. ओसरीला वर पत्रा, चैताचं ऊन सरळ त्यावर. तिच्या घरी तापेल म्हणून मी ठेवून घेतलेलं बी माझ्या पत्र्याखाली भाजत होतं आणि मी रोज सकाळी तिथंच पेपर वाचत होतो. सहा दिवसांपूर्वी चाचणीला दाणे काढायला मी पोत्याचं तोंड उसवलं तेव्हाही, हे इथं कसं आलं, असं माझ्या मनात आलं नाही.

दुपार उतरायच्या आत मी तिच्या घरी गेलो. नवरा नव्हता. ती दारात मक्याची जुनी ताटं म्हशीला तोडून घालत होती. पोरगी आत वाचत बसलेली दिसली.

"बाई, चूक तुझी नाही," मी कसंबसं म्हणालो. "माझी हाय. थंडीत मेळावा झाला तवा तुझ्या पोत्यांवर मी माणसं बसवली."

ती विळा तसाच हातात धरून माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ही तोंड सोडणार, आणि सोडावं असंच मला वाटत होतं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"फोटू आलता न्हाई का गावाच्या गटावर. आमी कारखान्यावर व्हतो, पाचटाच्या कोपीत. ह्यांच्या मोबाइलवर बघितला. तुमी, सायेब, अन् ते दुसरं. सतरंजीच्या खालून माझा हिरवा काठ दिसलता."

तो फोटो त्या दिवसापर्यंत माझ्या मोबाइलवर माझं नाव उघडलं की दिसायचा. पाच महिने मी तो लावून ठेवला होता. तो हिरवा काठ मला एकदाही दिसला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच. "मांजरसुंब्यावरून फोन केलास तेव्हा तरी बोलायचंस! मघाशी सगळ्यांपुढं मी तुला बोल बोल बोललो, तवा तरी!"

"म्हनलं, भाऊ शिकलेले हाईत," ती म्हणाली. "त्येंनी बसविलं म्हंजी बसल्यानं काय व्हत नसंल. मलाच नीट समजलं नसंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. तिला आपल्या डोळ्यांनी दिसलं होतं, आणि तरी तिनं माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या समजुतीवर शंका घेतली होती. मला तिथं उभं राहवेना आणि निघताही येईना.

घरी येऊन मी माझ्या थप्पीतली दोन पोती काढली. मदतीला कुणाला बोलावलं नाही. एकेक पोतं खांद्यावर घेऊन गेलो, तिच्या दारात गुडघे टेकून हळू खाली ठेवलं. या वयात कंबर बोलली, बोलू दे म्हटलं. तिनं नको म्हटलं नाही आणि उपकारही मानले नाहीत. पोत्याचं तोंड उसवलं, ओंजळभर दाणे सुपात घेतले आणि पोरीला हाक मारली. पोरीनं गोणपाट भिजवून आणलं. दोघींनी दहा-दहाच्या ओळी लावायला घेतल्या.

"अगं, हे चौऱ्याऐंशी टक्के हाय," मी म्हणालो. "सकाळीच बघितलंस तू."

"बघितलं की," मान वर न करता ती म्हणाली. "पर तुमीच सांगितलंय न्हवं, बी कुनाचं का असंना, आपल्या हातानं मोजल्याबिगर पेरायचं न्हाई."

सहाव्या दिवशी मोड मोजल्याशिवाय ती माझं बी मातीत घालणार नव्हती.

"बसा की भाऊ, उभे कावून," ती म्हणाली. दारात बसायला दुसरं काही नव्हतं, ती दोन पोतीच होती. मी खाली मातीत बसलो आणि ते शंभर दाणे लावून होईपर्यंत बसून राहिलो.